प्लेनस्केप: टॉर्मेंट – लढाईच्या कटकटीत न अडकता गोष्ट शेवटापर्यंत कशी न्यायची

इंदूरमध्ये माझ्या ओळखीतल्या ज्या पोरांनी 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' सुरू केला, त्यातले बरेच जण एकाच टप्प्यावर अडकले: कचरा वेचणाऱ्यांच्या वस्तीखालच्या भुयारांत. तोवर गोष्टीने त्यांना असं धरलेलं असतं की भेटल्यावर तोच विषय निघतो, आणि तरी गेम उघडायला हात धजत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "गोष्ट एक नंबर आहे दादा, पण खेळवत नाही."

तक्रार खरी आहे. हा गेम १९९९ च्या डिसेंबरमध्ये आला. बनवणारी ब्लॅक आयल स्टुडिओज, प्रकाशक इंटरप्ले, मुख्य डिझायनर ख्रिस ॲव्हलोन. मूळ गेम ४ सीडींवर यायचा आणि त्यातला मजकूर सुमारे ८ लाख शब्दांचा आहे. संवाद, वर्णनं, वस्तूंवरच्या टिपा, सगळं धरून. एवढा मोठा मजकूर ज्या इंजिनावर चढवला ते इन्फिनिटी इंजिन बायोवेअरने 'बाल्डर्स गेट'साठी तयार केलेलं, आणि त्यातली लढाई इथे आणखी ढिली पडली. अरुंद गल्लीत सोबती एकमेकांत अडकतात, वार हवेत जातात, सामानाच्या खणांत रद्दी साचते. मोठ्या मंत्रांचे लांबलचक देखावे तर मधे थांबवताही येत नाहीत.

पण हाच गेम लढण्यापेक्षा बोलण्याबद्दल कितीतरी जास्त बक्षीस देतो, आणि हे तो सुरुवातीला कुठेही स्पष्ट सांगत नाही. नेहमीच्या आरपीजीच्या (पात्र घडवत खेळायच्या गेमच्या) सवयीने तगडा तलवारबाज बनवणारा खेळाडू म्हणूनच सगळ्यात जास्त त्रास भोगतो. पहिल्या पडद्यापासून नायकाला बोलका आणि शहाणा केलं, तर बरीचशी कटकट तुमच्यापर्यंत येतच नाही. जी उरते ती कशी उरकायची, तेही पुढे सांगतो. गोष्टीचे पेच मी फोडणार नाही. पहिल्या इमारतीतलं थोडं सांगेन, त्यापुढे फक्त जागांची नावं.

आवृत्ती आणि सेटिंग

बीमडॉगने २०१७ मध्ये काढलेली एन्हान्स्ड एडिशन घ्या. जुन्या आवृत्तीची ओढ मी समजू शकतो, पण पहिल्यांदा खेळणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. नव्यात टॅब दाबला की पडद्यावरच्या हात लावण्याजोग्या सगळ्या वस्तू उजळतात, खाली पडलेलं सामान एका पट्टीतून उचलता येतं, दृश्य जवळ-लांब करता येतं. मजकूर मूळचाच आहे.

मशीन भारी लागत नाही. जेल रोडवरून घेतलेला सेकंडहँड ऑफिस लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला, पुरतो. फोनवरही गेम मिळतो, पण इतकं वाचन लहान पडद्यावर करू नका, डोळे दुखून गेम सुटेल. टॅबलेट चालेल. २०१९ मध्ये कन्सोलवरही आला. टीव्हीसमोर बसून चार जणांनी मिळून खेळायचा असेल तर तो पर्याय चांगला.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी बदला. अवघडपणा सर्वांत खालच्या पातळीवर आणा. लेव्हल वाढताना पूर्ण हिट पॉइंट (पात्र किती मार सोसेल तो आकडा) मिळण्याचा पर्याय चालू करा. आणि ऑटो-पॉजमध्ये जाऊन शत्रू दिसताच खेळ थांबेल असं करून ठेवा. अवघडपणा कमी केल्याने गोष्टीतलं एक वाक्यही कमी होत नाही. त्यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही, कारण या गेमचा कस तिथे लागतच नाही.

सेव्हची सवय आधीपासून लावा. गेम आपोआप सेव्ह करतो तो ठराविक ठिकाणीच. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि तासभराचा संवाद परत वाचायला लागणं हे लढाई हरण्यापेक्षा वाईट. मोठ्या संवादाआधी वेगळ्या नावाने सेव्ह करा, एकाच खणावर पुन्हा पुन्हा लिहू नका.

२१ गुण: सगळा खेळ इथे ठरतो

नायकाला नाव नाही, त्याला नेमलेस वनच म्हणतात. त्याच्या सहाही गुणांची सुरुवात ९ ने होते आणि वाटायला २१ गुण मिळतात. सुरुवातीला एका गुणात १८ च्या वर जाता येत नाही.

माझी वाटणी अशी: विझ्डम (शहाणपण) १८, इंटेलिजन्स (बुद्धी) १६, करिझ्मा (माणसांवरची छाप) १४. म्हणजे ९, ७ आणि ५, झाले २१. ताकद, चपळाई आणि काटकपणा आहेत तिथेच ९ वर राहू द्या.

विझ्डम आधी का, तर त्याची कमाई दुहेरी आहे. नायकाची स्मृती गेलेली आहे आणि जुन्या आठवणींचे बरेचसे तुकडे विझ्डम जास्त असेल तरच परत येतात. शिवाय मिळणाऱ्या अनुभवाच्या गुणांवर बोनस बसतो, म्हणून जितकं लवकर वाढवाल तितकं पुढे फळतं. इंटेलिजन्सने संवादात नवे प्रश्न उघडतात: समोरच्याच्या बोलण्यातली फट नायकाच्या लक्षात येते. करिझ्माने माणसं वळतात. हे तीन कमी असतील तर संवादाच्या यादीत ते पर्याय दिसतच नाहीत, आणि काय हुकलं याचा खेळाडूला पत्ताही लागत नाही.

"पण ताकद ९ असेल तर मार खाईन की." खाल. पण नायक अमर आहे. बहुतेक वेळा तो मेला की दुसरीकडे उठून बसतो आणि गोष्ट पुढे चालते. काही मोजकी ठिकाणं आहेत जिथे खरंच संपतो, पण तिथे आधी इशारा मिळतो, इशारा वाचा. काटकपणानुसार त्याच्या जखमा आपोआप भरतात, म्हणून पुढे लेव्हल वाढताना मिळणाऱ्या गुणांतले एक-दोन तिकडे टाकायला हरकत नाही. आधी मात्र इंटेलिजन्स १८ करा.

मॉर्चुअरी: इथे घाई करू नका

गोष्ट सुरू होते प्रेतागारात. नायक दगडी ओट्यावर जागा होतो आणि मोर्ट नावाची तरंगती बोलकी कवटी त्याला भेटते. मोर्ट सांगेल की बाहेर पडण्यासाठी अमुक झोंबीकडून किल्ली घे. ती एक मारामारी करून टाका, लढण्याची रीत कळते. त्यानंतर या इमारतीत हाणामारीची गरजच नाही, आणि लढलात तर स्वतःचं नुकसान कराल.

फिरा आणि प्रत्येकाशी बोला. ढॉल नावाचा म्हातारा लेखनिक मोठ्या वहीत मेलेल्यांच्या नोंदी करत बसलेला असतो, सारखा खोकतो. तो तुम्हाला ओळखतो, आरडाओरडा करत नाही. त्याला सगळे प्रश्न विचारा. आय-व्हेन नावाच्या बाईला नीट दिसत नाही, ती तुम्हाला झोंबीच समजते आणि सुईदोरा आणायला पिटाळते. आणून दिलात तर तुमच्याच अंगाला टाके घालते. हसावं की शहारावं कळत नाही, पण अनुभवाचे गुण मिळतात. दारावरच्या पहारेकऱ्यालाही शब्दांनी फिरवता येतं.

डियोनारा मात्र चुकवू नका. तिच्या थडग्याजवळ तिचं भूत उभं असतं. ती नायकाला ओळखते, नायकाला ती आठवत नाही. संवादात काही उत्तरांच्या आधी 'खरं' किंवा 'खोटं' अशी खूण दिसेल. वाक्य तेच असतं, ते मनापासून बोलायचं की फसवायला, हे तुम्ही निवडायचं. नायकाची वृत्ती सुरुवातीला अगदी मध्यावर असते आणि अशा निवडींनी ती चांगल्याकडे किंवा वाईटाकडे, शिस्तीकडे किंवा बेबंदपणाकडे सरकते.

माझा भाचा रामबागेत राहतो. त्याच्याकडे लॅपटॉप टीव्हीला जोडून आम्ही हा भाग खेळत होतो, मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत होतो. आई शेजारी मटार सोलत बसली होती, तिचं लक्ष आहे असं वाटलंच नव्हतं. भाच्याचा बाण खोट्या उत्तरावर होता, कारण त्याला त्या बाईकडून माहिती काढायची होती. आई हातातली शेंग तशीच ठेवून म्हणाली, "नको रे बाळा, तिला खरं सांग. एवढी वाट बघत उभी आहे ती." भाच्याने खरं उत्तर निवडलं. डियोनाराच्या पुढच्या प्रत्येक भेटीला आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलवावं लागायचं, तिचा तसा हुकूम होता.

डियोनाराशी नीट, शेवटापर्यंत बोललात तर मेलेल्या सोबत्याला उठवण्याची शक्ती मिळते. पुढच्या सगळ्या लढायांचा भार त्याने हलका होतो. जे खेळाडू इथून पळत सुटतात, ते ही शक्ती सोडून जातात आणि नंतर गेमला दोष देतात.

इंग्रजीचं काय करायचं

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा इथेच दम निघतो. घरी मराठी, बाहेर हिंदी, इंग्रजी शाळेपुरतं. आणि गेममधलं इंग्रजी तर शाळेतलंही नाही. सिगिल शहराची स्वतःची गल्लीबोली आहे. तिच्यातले पाच-सहा शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: 'बर्क' म्हणजे मूर्ख, 'कटर' म्हणजे दमदार गडी (राजवाड्यावर ज्याला भिया म्हणतील तसा), 'जिंक' म्हणजे पैसे, 'चांट' म्हणजे खबर, 'बार्मी' म्हणजे डोकं फिरलेला, 'डेड-बुक'मध्ये गेला म्हणजे मेला. एवढ्यावर हाइव्ह वस्तीतले बहुतेक संवाद सुटतात.

प्रत्येक शब्द शब्दकोशात बघू नका, गोष्ट मरते. एक संवाद पूर्ण वाचा, मग अडलेलं बघा. शक्य असेल तर दोघांनी बसा: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने माउस धरायचा. या गेमला ही पद्धत फार मानवते, कारण बराच वेळ पडद्यावर काही हलत नसतं आणि सगळी करामत शब्दांतच चाललेली असते.

गेमची स्वतःची जर्नल आहे, पण वहीत तीन रकाने करा: कोण, कुठे, काय हवंय. सिगिलमध्ये एका वस्तीतल्या माणसाचं काम दुसऱ्या वस्तीत आणि फार उशिरा पुरं होतं. हाइव्हमध्ये हाती घेतलेलं काम कधीकधी थेट क्लर्क्स वॉर्डात जाऊन मार्गी लागतं. मधे किती काय घडून जातं! वही नसेल तर काम तसंच राहतं.

हाइव्हमध्ये: आधी बोला, मग जादूगार व्हा

बाहेर पडलात की हाइव्ह. गरिबांची, चोरांची, कफनचोरांची वस्ती. गल्ल्यांत गुंड अंगावर येतात. रिकाम्या जागी डबल क्लिक केलं की नायक पळतो, पळा. दुसऱ्या भागात गेलात की पिच्छा सुटतो. फक्त सगळे सोबती जवळ असल्याशिवाय गेम हद्द ओलांडू देत नाही, म्हणून मागे राहिलेल्याला आधी बोलवा.

पहिलं ठिकाण स्मोल्डरिंग कॉर्प्स बार. इथे डॅकॉन भेटतो. त्याला सोबत घ्या आणि कधी सोडू नका. तो लढतो, मंत्र म्हणतो, आणि त्याच्याजवळ वर्तुळांचा बनलेला एक धर्मग्रंथ आहे. तो मागून घ्या, एक वर्तुळ वाचा, मग अर्थावर त्याच्याशी बोला, मग पुढचं उघडा. विझ्डम आणि इंटेलिजन्स चांगलं असेल तर त्यातून अनुभव मिळतो आणि मंत्र मिळतात. एकही वार न करता इतकी कमाई या भागात दुसरीकडे क्वचितच होते, आणि गोष्ट म्हणूनही गेममधल्या उत्तम भागांत तो मोडतो. त्याच बारमध्ये 'ओ' नावाचा एक गृहस्थ बसलेला असतो. तो माणूस नसून देवलिपीतलं एक अक्षर आहे. त्याच्याशीही बोला.

दुसरं ठिकाण गॅदरिंग डस्ट बार, डस्टमेन पंथाच्या लोकांचा. मरण हीच खरी सुटका असं मानणारे हे लोक. इथली बहुतेक कामं बोलून होतात. एमोरिक स्मशानातल्या घुसखोराचा बंदोबस्त करायला पाठवेल. ती लढाई कमी लेव्हलला जड जाते, म्हणून काम घेऊन ठेवा आणि ताकद वाढल्यावर जा.

मग रॅगपिकर्स स्क्वेअरमध्ये, म्हणजे कचरा वेचणाऱ्यांच्या वस्तीत, मेबेथ नावाच्या सुईणीकडे जा आणि जादू शिकव म्हणा. ती एकामागून एक किरकोळ कामांवर पाठवते, वस्तीभर हेलपाटे होतात. कंटाळू नका, प्रत्येक कामानंतर ती काय विचारते याकडे लक्ष ठेवा. धडा त्यातच आहे. नायक सुरुवातीला योद्धा असतो, इथून तो जादूगार होतो. ज्याने सगळे गुण डोक्यात घातले त्याला हाच पेशा शोभतो, कारण मॅजिक मिसाईल नेम न चुकता लागतं. फेलच्या दुकानात गोंदवून घ्यायलाही विसरू नका. नायकाला चिलखत घालता येत नाही, त्याची जागा गोंदणाने भरून निघते, आणि काही गोंदणं थेट विझ्डम, इंटेलिजन्स, करिझ्मा वाढवतात. मोठ्या संवादाआधी तीच अंगावर ठेवा.

लढाई टळत नाही तेव्हा

हिशोब आधी समजून घ्या, नाहीतर सगळं नशिबावर चाललंय असं वाटतं. गेम ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो. त्यात 'थाको' नावाचा आकडा आहे आणि चिलखताचा 'एसी' नावाचा आकडा. दोन्ही जितके कमी तितके चांगले, इथेच सगळे फसतात. २० बाजूंचा फासा पडतो. तुमच्या थाकोमधून शत्रूचा एसी वजा करा. तेवढा किंवा जास्त पडला की वार लागला. थाको १८ आणि शत्रूचा एसी ६ असेल तर १२ हवेत, म्हणजे निम्म्याहून जास्त वार फुकट जाणार. नायक नीट लढत नाही असं वाटतं, ते यामुळे.

म्हणून एकाच शत्रूवर सगळ्यांनी तुटून पडायचं. स्पेस दाबून थांबवा, सगळ्यांना एकच लक्ष्य द्या, तो पडला की पुन्हा थांबवा. मोर्ट आणि डॅकॉन पुढे, नायक मागून मंत्र टाकणार. अरुंद दाराच्या तोंडाशी उभे राहिलात तर शत्रू एकेक करून येतात, पण तुमचेही सोबती तिथे अडकतात. तेव्हा दाराच्या आत, जरा मोकळ्या जागी थांबा. क्लॉट चार्म (जखमा भरणारी वस्तू) प्रत्येकाच्या पटकन हाताशी येणाऱ्या खणांत ठेवा. मोठे मंत्र मोठ्या शत्रूसाठीच, कारण त्यांचा देखावा दर वेळी पूर्ण बघावा लागतो.

सामानाचं म्हणाल तर एक नियम पाळा: ज्याच्या वर्णनात गोष्ट आहे ते ठेवा, बाकी विका. पुढे भुयारांत फॅरॉड नावाचा माणूस आणायला सांगतो तो काशाचा गोळा हातात आला तर त्याला किंमत नाही असं कुणी कितीही म्हणो, तो आपल्याजवळ राहील असं बघा. फॅरॉडला द्यावा लागला तर पुढे तो परत मिळवण्याची संधी येते, ती सोडू नका.

भुयारं

आता ती जागा, जिथे पोरं थांबतात. फॅरॉड तुम्हाला काशाच्या गोळ्यासाठी गाडलेल्या गावाच्या पलीकडच्या भुयारांत पाठवतो. आधी त्याच्यापर्यंत पोचायचं कोडं: रॅगपिकर्स स्क्वेअरमधली कमान हे एक दार आहे, आणि सिगिलमधल्या सगळ्या गुप्त दारांसारखी त्यालाही किल्ली लागते. किल्ली म्हणजे काहीही असू शकतं. इथे जवळ कचऱ्याचा तुकडा असला की झालं.

भुयारांत जायच्या आधी हाइव्हमधली बोलण्याची सगळी कामं संपवा. एवढं केलं तरी अर्धी अडचण जाते, कारण तुम्ही दोन-तीन लेव्हल वर गेलेले असता. आत क्रेनियम रॅट नावाचे उंदीर आहेत. एकटा असतो तेव्हा साधा उंदीर, घोळक्याने जमले की त्यांची बुद्धी एकवटते आणि ते मंत्र मारू लागतात. मोठा घोळका दिसला तर मागे फिरा, दुसऱ्या वाटेने जा. प्रत्येक खोली साफ करण्याचा हट्ट इथे सोडून द्यायचा.

डेड नेशन्समध्ये सांगाडे घेरतील तेव्हा शस्त्र उचलू नका, शरण जा. ते तुम्हाला मारत नाहीत, आत नेतात, आणि मग या भुयाराचा सगळ्यात सुंदर भाग सुरू होतो: मेलेल्यांची वसाहत, त्यांचे आपसातले वाद, त्यांचा मूक राजा. स्टेल मेरी नावाची एक मृत बाई आहे, तिच्याशी बोलणं जुळलं की मेलेल्यांशी बोलण्याची विद्या मिळते. ती घेऊन मॉर्चुअरीत परत एक चक्कर मारा. आधी नुसते मुडदे वाटलेले कोपरे बोलायला लागतात. ड्राउन्ड नेशन्समध्ये मात्र लढाई बरीच आहे आणि बोलणं कमी. तिथे पळत जा, पाहिजे ते घ्या, बाहेर पडा.

गोळा आणून दिलात की ॲना नावाची मुलगी सोबत येते, आणि गेमचा सगळ्यात रटाळ टप्पा मागे पडलेला असतो.

तिथून पुढे

लोअर वॉर्ड आणि क्लर्क्स वॉर्ड म्हणजे या गेमची दिवाळी. संवादच संवाद. फॉल-फ्रॉम-ग्रेस इथे भेटते. सोबत्यांत जखमा भरणारे मंत्र जाणणारी ती एकटीच, तिला घ्याच. सिव्हिक फेस्टहॉलमध्ये इंद्रियशिळा आहेत, ज्यांत दुसऱ्यांचे अनुभव साठवलेले असतात. एकेक करून सगळे घ्या, घाईत असाल त्या दिवशी तिकडे जाऊच नका. नायकासह सहा जणांचीच टोळी करता येते, म्हणून सोबती निवडताना कोणाशी बोलायला आवडतं तेच बघा. या गेममध्ये तोच निकष खरा.

नॉर्डम नावाचा यांत्रिक सोबती हवा असेल तर मॉड्रॉन (यांत्रिक प्राणी) असलेल्या खेळण्यातून उघडणारा भूलभुलैया कठीण पातळीवर लावून खोल्या धुंडाळाव्या लागतात. नॉर्डम गोड आहे, पण भूलभुलैया म्हणजे एकासारखी एक खोली आणि मारामारी. पहिल्या खेळात ज्याचा धीर कमी आहे त्याने तो खुशाल सोडावा, मुख्य गोष्ट त्यावाचून अडत नाही.

रॅव्हेलकडे जाण्याआधी सिगिलमधली वहीतली सगळी कामं आटोपून घ्या. रॅव्हेल ही म्हातारी चेटकीण तुम्हाला एक प्रश्न विचारते: माणसाचा स्वभाव कशाने बदलू शकतो? उत्तरांची यादी येईल. त्यात बरोबर-चूक शोधू नका, तोवर जसा नायक घडवलात त्याला जे पटेल ते निवडा. हा प्रश्न सबंध गेममध्ये ठिकठिकाणी डोकावतो, त्यामुळे इथे पाच मिनिटं थांबून विचार करायला हरकत नाही.

तिच्यानंतर कर्स्ट गाव येतं. वरचं गाव संवादाने सुटतं, त्याखालचे तळघरातले रस्ते मात्र मारामारीचे. गेमचा हा शेवटचा तिसरा हिस्सा घाईत लिहिल्यासारखा वाटतो. माणसं कमी, शत्रू जास्त. इथे अवघडपणा खालीच असू द्या, साठवलेले मंत्र आणि चार्म आता वापरून टाका, आणि विश्रांती मिळेल तिथे घ्या. एखादी लढाई तरीही सुटत नसेल, तर गेमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये डीबग मोड चालू करता येतो. मग कंट्रोल आणि आर ने कर्सरखालच्या सोबत्याच्या जखमा भरतात, कंट्रोल आणि जे ने तुम्ही कर्सरच्या जागी पोचता. मी हे शेवटच्या उपायासारखं वापरायला सांगतो, पण गेम अर्धवट टाकण्यापेक्षा हे शतपटीने बरं.

शेवटच्या किल्ल्यात शिरलात की सावल्या चारी बाजूंनी येतील. त्यांच्याशी लढत बसू नका, त्या संपत नाहीत. पळत जाऊन पाहिजे तिथे पोचा. आत गेल्यावर अंगावरची गोंदणं एकदा तपासा: ताकदीची असतील तर काढा, विझ्डम, इंटेलिजन्स आणि करिझ्माची चढवा. सेव्ह करा, वेगळ्या नावाने. समोर जो येईल त्याच्याशी तलवारीनेही निकाल लावता येतो, पण पहिल्या पडद्यावर टाकलेले ते २१ गुण इथे कामाला येतात. संवादाची यादी लांब असेल. वरून खाली सगळी वाचा, मगच निवडा.